काजूच्या कारखान्यातील नोकरी सोडली. आता तक्रार करावी की नाही?

सोनचाफा

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातील एका काजू कारखान्यात मी सहा वर्षे हिशेबनीस होते आणि गेल्या महिन्याच्या अखेरीस राजीनामा दिला. तेथे जे चालते त्याची कामगार कार्यालयात तक्रार करावी की गप्प राहावे, हे मला ठरवता येत नाही. गावात ज्यांचा सल्ला घ्यावा ती सगळी माणसे या ना त्या नात्याने मालकांशी जोडलेली आहेत, म्हणून येथे लिहिते आहे.

कारखान्यात त्रेचाळीस बायका काम करतात. मस्टरवर, म्हणजे हजेरी-पगाराच्या अधिकृत नोंदवहीत, मात्र अठराच नावे आहेत. कामगारांची संख्या विसाच्या आत दाखवली की भविष्यनिर्वाह निधी भरावा लागत नाही आणि कारखान्याच्या नियमांतूनही सुटका होते, असे मला पहिल्याच वर्षी सांगण्यात आले होते. उरलेल्या पंचवीस जणींची नावे एका साध्या वहीत असतात आणि ती वही वर्षाच्या शेवटी फाडली जाते. मस्टरवरच्या अठरा जणी दरमहा शासनाने ठरवलेल्या पूर्ण वेतनापुढे सही करतात, पण त्यांच्या हातात पडणारी रक्कम सोललेल्या काजूगरांच्या किलोमागे ठरते आणि ती सहीच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते. वजनाच्या वेळी टोपलीची घट म्हणून दीड किलो वजा केले जाते. एकदा सगळ्या बायका जेवायला गेल्या असताना मी रिकामी टोपली काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा ती ८९० ग्रॅम भरली. प्रत्येक बाई दिवसातून चार वेळा तरी वजनाला येते, म्हणजे रोज सुमारे अडीच किलोची मजुरी टोपलीच्या नावाखाली जाते. तुकडा जास्त पडला म्हणून होणारी कपात वेगळीच.

हे सगळे मी माझ्या हाताने लिहीत होते, हे मला लपवायचे नाही. मस्टरही माझ्याच अक्षरात आहे आणि ती वहीही.

गेल्या श्रावणात कटिंगला बसणाऱ्या एका काकींच्या उजव्या हाताची तर्जनी पात्याखाली आली आणि पहिले पेर गेले. त्या वहीतल्या पंचवीस जणींपैकी आहेत. मालकांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून रुग्णालयात नेले, औषधपाण्याचा खर्च केला आणि तेथे ‘घरी कोयत्याने लागले’ असे सांगायला लावले. मलाही त्या दिवशीच्या पानावर त्यांची गैरहजेरी लावायला सांगितले आणि मी ती लावली. महिनाभराने त्या परत आल्या, तेव्हा कटिंग जमत नाही म्हणून त्यांना साल काढायला बसवले. त्या कामाचा दर कमी असतो. टरफलाच्या तेलाने काळी पडलेली बाकीची बोटे आणि त्यांतले ते पांढऱ्या पट्टीतले बोट रोज माझ्या टेबलासमोरून वजनाला येत असे. जानेवारीत नव्या वर्षाचे मस्टर आखायला सांगितले गेले. तीच अठरा नावे लिहायला बसले, सात नावे लिहिली आणि पुढे हात चालेना. त्याच संध्याकाळी राजीनामा लिहून दिला.

आता अडचण अशी आहे. माझा शेवटच्या महिन्याचा पगार अजून मिळालेला नाही. ‘माझा पूर्ण हिशेब मिळाला असून माझी कोणतीही तक्रार नाही व पुढे राहणार नाही’ असे मुद्रांकावर लिहून द्या आणि पगार घेऊन जा, असा निरोप आला आहे. दुसरे असे की, चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या छातीत रात्री कळ आली, तेव्हा याच मालकांनी गाडी काढून त्यांना गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात पोहोचवले होते. ते उपकार मी विसरलेले नाही आणि आई तर मला रोज त्याची आठवण करून देते. तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते. तक्रारीमुळे कारखाना बंद पडला, तर त्रेचाळीस घरांतल्या चुली मी विझवल्या असे होईल. निघताना एका बाईने माझा हात धरून विचारले, ‘बाये, आता आमचा वजन कोण बघतला?’ त्यावर मला उत्तर देता आले नाही.

आत्या म्हणते, देवळात कौल लावू आणि देव सांगेल तसे कर. माझी देवावर श्रद्धा आहे, पण हा निर्णय देवावर टाकणे मला पळवाट वाटते. ज्यांना या कामाचा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना_लेखनिक

ताई, मी कामगार खात्यात अनेक वर्षे लेखनिक होतो आणि आता निवृत्त होऊन कणकवलीजवळ राहतो. तुमचे पत्र दोनदा वाचले. तुम्ही ‘तक्रार’ या एका शब्दात तीन वेगवेगळी प्रकरणे एकत्र केली आहेत आणि म्हणून ते ओझे इतके मोठे वाटते आहे, असे मला वाटते. तुमचे स्वतःचे येणे, त्या काकींच्या बोटाची भरपाई आणि सर्व बायकांची मजुरी यांचे मार्ग वेगळे आहेत, मुदती वेगळ्या आहेत आणि त्यांबद्दल ठरवण्याचा अधिकारही एकाच माणसाचा नाही.

आधी तुमच्या येण्याबद्दल. त्या मुद्रांकावर सही करू नका. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार राजीनामा दिलेल्या कामगाराचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते आणि त्यासाठी कोणतीही अट घालता येत नाही. कामगाराने आपला वेतनाचा हक्क सोडल्याचे कोणी लिहून घेतले, तरी तो करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मग सही केली तर काय बिघडले, असे तुम्हाला वाटेल. बिघडते ते असे की, पुढे तुमची साक्ष झाली, तर समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद काढून तुम्हाला खोटे ठरवू पाहील. त्यामुळे एक साधे पत्र लिहा, राजीनाम्याची तारीख, शेवटचा कामाचा दिवस आणि राहिलेला पगार एवढेच त्यात नमूद करा आणि ते स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा.

त्याच पत्रात उपदानाची, म्हणजे ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात तिची, मागणी करा. तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही, यावरून तो हक्क तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे नोकरी झाली की राजीनामा दिला तरीही ती मिळते आणि येथे मालकांच्याच मस्टरवर अठरा नावे आहेत. हिशेब सोपा आहे. शेवटच्या मासिक वेतनाला सव्वीसने भागायचे, पंधराने गुणायचे आणि जितकी वर्षे नोकरी झाली तितक्यांनी पुन्हा गुणायचे. समजा तुमचे वेतन १३,००० रुपये असेल, तर वर्षाला ७,५०० आणि सहा वर्षांचे ४५,००० रुपये होतात. ही रक्कम तीस दिवसांत द्यावी लागते.

काकींचे प्रकरण मात्र थांबण्यासारखे नाही. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ पासून आहे आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. मस्टरवर नाव नसले म्हणून हक्क जात नाही. ती बाई त्या कारखान्यात काम करत होती एवढे सिद्ध व्हावे लागते. कायद्याच्या अनुसूचीत बोटाच्या पेरापेराचा हिशेब दिलेला आहे आणि तर्जनीचे एक पेर गेल्यास कमाईची क्षमता ९ टक्क्यांनी घटली असे धरले जाते. त्यावर वय आणि वेतन यांनुसार रक्कम निघते. दाव्यासाठी अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते. रुग्णालयातल्या केसपेपरवर कोयत्याची नोंद झाली आहे, ही अडचण खरी आहे, पण शेजारी बसलेल्या दोघीतिघींनी सत्य सांगितले आणि त्या दिवशी गैरहजेरी लावायला कोणी सांगितले हे तुम्ही सांगितले, तर ती नोंद टिकणार नाही. हा दावा काकींचा आहे. त्यांना त्यांचा हक्क समजावून सांगणे, एवढेच तुमचे काम.

मजुरीबद्दल. किलोवर काम देणे बेकायदा नाही. मात्र किलोचा दर लावूनही दिवसाची कमाई किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, असा नियम आहे. किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता. हा भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून चालू आकडा कार्यालयातूनच घ्यावा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे म्हणजे संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने मना केलेली वेठबिगारी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले आहे. पूर्वी किमान वेतनाच्या थकबाकीचा दावा सहा महिन्यांत करावा लागे. नव्या संहितेत ती मुदत तीन वर्षे आहे. अधिकाऱ्याला थकबाकीच्या दहापटीपर्यंत नुकसानभरपाईचा हुकूम देता येतो. वेतन दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर असते.

मग मालक ती सिद्ध कशी करील? तुमच्या अक्षरातले, सह्या असलेले मस्टर पुढे ठेवून. ते मस्टर खोटे आहे हे आतून सांगू शकणारी व्यक्ती तुम्ही एकट्याच आहात. तुम्ही ज्याला तुमचा दोष समजता आहात, त्याच कारणाने तुमच्या शब्दाला तेथे वजन आहे. फक्त जबाब देताना, हे मी सांगण्यावरून लिहिले, हे वाक्य सर्वांत आधी आणि स्वतःहून सांगा. ते दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडू देऊ नका. आणि कारखान्यातले कोणतेही कागद घरी आणले असतील तर येथे लिहू नका, वकिलाला सांगा. आणले नसतील तर उत्तमच. नोंदवह्या मागवून घेण्याचा अधिकार निरीक्षकाला असतो. तुम्ही आजच बसून तारखा, टोपलीचे ते वजन, कोणी काय सांगितले हे आठवेल तसे एका वहीत लिहून काढा. सहा महिन्यांनी हे इतके स्वच्छ आठवत नाही.

मिरकरवाडा

वरचा प्रतिसाद कायद्याच्या दृष्टीने पूर्ण आहे. मी फक्त तक्रार केल्यावर काय होते ते सांगते, कारण मी ती केली आहे.

मी रत्नागिरीत एका मासळी प्रक्रिया कारखान्यात कोळंबी सोलायला जात होते. ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठून बोटी सुटल्या की माल येईल तसे काम चाले आणि बारा बारा तास बर्फाच्या पाण्यात हात घालून उभे राहावे लागे. जादा तासांचा दर दुप्पट असतो हे आम्हाला माहीतही नव्हते; आम्हाला जादा तासांचे म्हणून चहा आणि बटाटावडा मिळे. आम्ही सहा जणींनी मिळून अर्ज दिला. पहिल्या वेळी साहेब सकाळी अकरा वाजता आले आणि त्याआधीच निम्म्या बायकांना मागच्या दाराने घरी पाठवण्यात आले होते. अहवालात सर्व काही नियमानुसार असल्याचे लिहिले गेले. त्या आठवड्यात मला जे वाटले ते मी सांगू शकत नाही.

नंतर एका वकीलबाईंनी आमच्याकडून दुसरा अर्ज लिहून घेतला. त्यात जादा काम संध्याकाळी कोणत्या वेळी चालते, बायका कोणत्या दाराने बाहेर काढल्या जातात आणि हजेरीची वही कोणत्या कपाटात असते, एवढे सगळे लिहिले होते. महिनाभर काही हालचाल दिसली नाही, तेव्हा माहितीच्या अधिकारात पहिल्या अर्जावर काय कार्यवाही झाली असे विचारले. या वेळी तपासणी संध्याकाळी सात वाजता झाली. तेव्हापासून तेथे जादा तासांचे पैसे मिळू लागले आणि आजही मिळतात, असे माझी वहिनी सांगते, ती अजून तेथेच आहे.

मला मात्र पुढच्या हंगामात बोलावले नाही. मी दोन महिने घरी होते, नंतर एका खानावळीत लागले. अर्जदाराचे नाव गुप्त ठेवावे असा नियम आहे आणि कार्यालयाने ते सांगितलेही नसेल, पण सहा जणींत कोण बोलते आणि कोण लिहिते हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक असते. तुमच्या बाबतीत तर शंकाच राहणार नाही, कारण राजीनामा आणि तपासणी यांमधले अंतर कोणीही मोजील. त्यामुळे नाव लपेल या आशेवर तक्रार करू नका. नाव उघड झाले तरी चालेल, अशी मनाची आणि घराची तयारी असेल तरच करा. आईला आधी विश्वासात घ्या. माझ्या घरी मी ते उशिरा केले आणि त्याचा त्रास पोलीस किंवा मालक यांच्यापेक्षा जास्त झाला.

कारखाना बंद पडेल ही भीती मलाही घातली गेली होती. तो बंद पडला नाही. मालाची मागणी आहे, यंत्रे आहेत, कर्ज आहे. थकबाकीची नोटीस आली म्हणून कोणी एवढे सगळे टाकून जात नाही. पण हे मी माझ्या एका अनुभवावरून सांगते आहे, तुमच्या मालकांची स्थिती तुम्हालाच अधिक ठाऊक असेल, कारण हिशेब तुम्ही लिहीत होतात.

काजूवाला_सावंतवाडी

मी स्वतः काजू प्रक्रिया करतो. माझ्याकडे चौदा बायका आहेत आणि चौदाही नावे मस्टरवर आहेत. म्हणून दुसरी बाजूही मांडावी असे वाटते.

हा धंदा सोपा नाही. स्थानिक बी मार्च ते मे येते, ती वर्षभर पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते, आणि बीचा भाव चढला तरी गराचा भाव त्याच वेगाने चढत नाही. बँकेचे व्याज मात्र दर महिन्याला ठरलेले असते. या सगळ्यात मजुरी ही एकच गोष्ट मालकाच्या हातात असते आणि तो तेथेच ओढतो. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा अभिमान आम्ही सगळे मिरवतो. तो गर अखंड आणि पांढरा ठेवतात त्या बायकांचे हात. टोपलीच्या घटीत रोज अडीच किलोची मजुरी खाणारा माणूस माझ्यासारख्यालाही बुडवतो, कारण व्यापाऱ्याकडे त्याचा माल माझ्यापेक्षा स्वस्त पडतो.

तरीही माझे मत आहे की अर्ज देण्यापूर्वी एकदा मालकांना भेटावे. एकटीने जाऊ नये, गावातले कोणी जाणते माणूस बरोबर घ्यावे, आणि सरळ म्हणावे की काकींची भरपाई द्या, टोपलीचे वजन खरे धरा, नावे मस्टरवर आणा. ज्या माणसाने तुमच्या वडिलांसाठी मध्यरात्री गाडी काढली, तो अगदीच दगड नसावा. आपल्या गावांत कचेरीची पायरी चढल्यावर जे तुटते ते पुन्हा जुळत नाही, पिढ्यानपिढ्या बोलणे बंद होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

जुना_लेखनिक

सावंतवाडीच्या बंधूंचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्यासारखे मालक अधिक असते तर आमच्या खात्याला काम उरले नसते. पण या एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी सहमत नाही. अशा भेटीनंतर त्याच रात्री ती वही चुलीत गेल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. भेट घ्यायचीच असेल तर फक्त स्वतःच्या पगाराबद्दल आणि उपदानाबद्दल घ्या, बायकांच्या मजुरीचा विषय काढू नका. मध्यरात्रीच्या गाडीचे उपकार खरे आहेत आणि ते तुमच्या वडिलांवर झाले आहेत. ते कसे फेडायचे ते तुमच्या घराने ठरवावे, पण त्यांची परतफेड त्या पंचवीस बायकांच्या मजुरीतून होऊ शकत नाही.

आणखी एक. ताईंनी एकटीने अर्ज करावा असे नाही. कितीही कामगारांच्या वतीने एकच अर्ज करता येतो, आणि तो कामगार संघटनेला किंवा स्वतः निरीक्षकालाही करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तेथे स्त्रियांना उत्पन्न किती आहे हे न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी मार्ग सांगतात.

अबोली

माझ्या आईने बावीस वर्षे काजू सोलले. जेवायला बसण्यापूर्वी ती हातांना राख चोळून मग साबणाने धूत असे, तरी भाताला टरफलाचा वास येतो म्हणून ती चमच्याने जेवायची. आमच्या घरात चमच्याने जेवणारी ती एकटीच होती. तिच्या कारखान्याची दोनदा तपासणी झाली आणि एकदा वर्तमानपत्रातही आले. या बावीस वर्षांत तक्रार करणाऱ्यांनी किंवा न करणाऱ्यांनी तिला एकदाही विचारले नाही की तुला काय हवे आहे.

सोनचाफाताई, तुम्ही येथे आम्हाला विचारत आहात. त्या बायकांना विचारले का?

सोनचाफा

सर्वांची मनापासून आभारी आहे. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण अबोली यांच्या प्रश्नाचे माझ्याकडे तेव्हा ‘नाही’ हेच उत्तर होते आणि ते लिहिण्यापूर्वी मला काही करायचे होते.

मी आधी काकींच्या घरी गेले. दोन वर्षांची मुदत आणि पेराचा हिशेब त्यांना सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आतून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या, तिच्यात रुग्णालयाचा केसपेपर, औषधांच्या पावत्या आणि त्या दिवशी हाताला गुंडाळलेला रुमाल होता, धुऊन घडी केलेला. ‘कोणतरी इचारतला म्हणान ठेवलंय,’ असे त्या म्हणाल्या. मी श्रावणापासून जानेवारीपर्यंत रोज त्यांचे वजन लिहीत होते आणि मी विचारले नव्हते. त्यांनी दावा करायचे ठरवले आहे. त्यांचा मुलगा कुडाळला रिक्षा चालवतो, तो त्यांच्याबरोबर जाईल.

त्यानंतरच्या रविवारी आमच्या पडवीत नऊ बायका जमल्या. मी मस्टरवरचा आकडा आणि त्यांच्या हातात पडणारा आकडा शेजारी शेजारी लिहून दाखवला. अठरांपैकी ज्या होत्या त्यांना आपण कोणत्या रकमेपुढे सही करतो हे ठाऊकच नव्हते, कारण सहीच्या वेळी वरचा भाग दुसऱ्या कागदाने झाकलेला असे. तो कागद धरणारी मीच होते आणि हेही मी त्यांना सांगितले. एक जण उठून गेली. बाकीच्या बसल्या. पाच जणींनी अर्जावर सही करायची तयारी दाखवली. दोघींनी स्पष्ट सांगितले की आमची नावे नकोत, मुलीचे लग्न आहे, पण साहेब आले आणि त्यांनी विचारले तर आम्ही खोटे बोलणार नाही. एक काहीच बोलली नाही. निघताना तिने मला फक्त एवढे विचारले की थकबाकी मिळाली तर ती रोख मिळते की बँकेत. कारखाना बंद पडेल याची भीती त्यांना माझ्याइतकी वाटत नव्हती. एकीने तर सांगितले की वर्षाला तीन महिने बी नाही म्हणून तो तसाही बंदच असतो आणि आम्ही तेव्हा जगतोच.

घरी मात्र कठीण गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी वडीलच म्हणाले की त्या रात्रीच्या गाडीचे मी स्वतः त्यांच्याकडे जाऊन बोलेन, तू त्यासाठी थांबू नकोस. ते गेले आणि परत आल्यावर तेथे काय बोलणे झाले हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

पगाराचे आणि उपदानाचे पत्र मी स्पीड पोस्टाने पाठवले, त्याची पोच आली आहे. मुद्रांकावर सही केलेली नाही. येत्या गुरुवारी आम्ही सहा जणी सकाळच्या एसटीने ओरोसला कामगार कार्यालयात जाणार आहोत. मिरकरवाडा यांनी सांगितल्याप्रमाणे अर्जात वजनाच्या वेळा, वही ठेवण्याची जागा आणि मागचे दार, सगळे लिहिले आहे. मस्टर मी लिहीत होते हे पहिल्याच परिच्छेदात आहे. एक शंका राहिली आहे: पाच जणींपैकी दोघींना लिहिता येत नाही, त्या अंगठा लावणार आहेत. ते चालेल का?

जुना_लेखनिक

चालते. अंगठ्याशेजारी त्यांचे पूर्ण नाव लिहा आणि अर्ज वाचून दाखवला, तो समजला, असे एक वाक्य घालून खाली साक्षीदाराची सही घ्या. ती तुमची नको, दुसऱ्या कोणाची तरी असू द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेब दौऱ्यावर असले तरी आवक घेणारा लिपिक असतो, त्यामुळे उद्या या असे म्हणाले तरी अर्ज त्याच दिवशी द्या. जेवणाच्या सुट्टीपूर्वी पोहोचलात तर बरे. काकींचा भरपाईचा अर्ज वेगळा ठेवा, या अर्जाला जोडू नका, आणि केसपेपरची छायाप्रत द्या. मूळ कागद त्या पिशवीतच राहू द्या.

सोनचाफा

समजले. साक्षीदार म्हणून काकींचा मुलगा सही करील. गुरुवारी परत आल्यावर आवक क्रमांक मिळाला की नाही ते येथे लिहीन.